संतांच्या विजारी आणि मुंबईचे खटले

१९ ऑगस्ट १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याचे अपील फेटाळले. 'हॅपी बुक स्टॉल' या दुकानाचे भागीदार रणजित उदेशी हे अपीलकर्ते होते. डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज् लव्हर' ही कादंबरी, काटछाट न केलेली, त्यांच्या दुकानात विकली गेली. डिसेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून ती प्रत विकत घेतली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला भरला. शिक्षा झाली वीस रुपये दंडाची. वीस रुपयांसाठी माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण प्रश्न वीस रुपयांचा नव्हता. अश्लील कशाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न होता.

निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. आपल्या वाचकांना हे नाव परके नाही. वडील हाफिज विलायतुल्ला हे शायर. मुलाचे शिक्षण रायपूर, नागपूरचे मॉरिस कॉलेज आणि पुढे केंब्रिज येथे झाले. नागपूर उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते आणि १९६८ मध्ये देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झाले. या निकालात त्यांनी दुकानदाराची शिक्षा कायम केली. पण त्यातच असेही बजावले की, कलेत वा साहित्यात लैंगिकता किंवा नग्नता आली एवढ्यावरून ती कृती अश्लील ठरत नाही. दाखला त्यांनी इटलीचा दिला. मायकेलअँजेलोचे देवदूत आणि संत पाहण्यासाठी आधी त्यांना विजारी घालण्याची गरज नाही, असे त्यांनी लिहिले.

हा दाखला सहज दिलेला नव्हता. त्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतला तर आपल्या मुंबईतले खटलेही अधिक नीट कळतात.

रोमच्या सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात 'अंतिम न्याय' हे भव्य चित्र रंगविले. आपण ज्याला रोजे-कयामत म्हणतो, त्याच दिवसाचे हे ख्रिस्ती चित्र. त्या दिवशी माणूस ईश्वरासमोर उघडाच उभा राहणार, या भावनेने त्याने बहुतेक आकृत्या नग्न काढल्या. चित्र पुरे होण्याआधीच पोपच्या दरबारातील बियाजो दा चेझेना या अधिकाऱ्याने ते प्रार्थनास्थळाला शोभत नाही, अशी तक्रार केली. चित्रकाराने त्याचाच चेहरा नरकाच्या न्यायाधीशाला दिला, गाढवाचे कान लावले आणि अंगाला सापाचा वेढा घातला. पुढे मायकेलअँजेलोच्या मृत्यूनंतर, १५६५ मध्ये, डॅनिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराला त्या आकृत्यांची लज्जास्थाने झाकण्याचे काम मिळाले. बिचारा स्वतः चांगला चित्रकार आणि मायकेलअँजेलोचा स्नेही. पण लोकांनी त्याला कायमचे नाव ठेवले, 'इल ब्रागेत्तोने', म्हणजे विजारवाला.

या प्रकरणात आणखी एक गृहस्थ होते, पिएत्रो आरेतिनो. १५४५ मध्ये त्यांनी मायकेलअँजेलोला पत्र लिहून या नग्नतेचा कडक निषेध केला. हे आरेतिनो कोण? १५२४ च्या सुमारास रोममध्ये स्त्री-पुरुष समागमाच्या आसनांची छापील चित्रे प्रसिद्ध झाली होती. चित्रे मुळात जुलिओ रोमानोची. त्यावरून ठसे कोरून छापली मार्कांतोनिओ राइमोंदीने. पोप सातव्या क्लेमेंटने राइमोंदीला तुरुंगात टाकले. त्याच चित्रांवर उघडीवाघडी सुनीते रचणारे कवी म्हणजे हे आरेतिनो! दुसऱ्याच्या चित्रातली लाज मोजायला सर्वांत आधी कोण पुढे येतो, याचा हा जुना नमुना आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मूळ चित्रे काढणारा रोमानो मान्तुआच्या दरबारात सुखरूप राहिला आणि मोठा झाला. तुरुंगात गेला तो छापणारा. सरदाराच्या महालातील भिंतीवर नग्न देवता चालत होत्या. त्याच स्वस्त कागदावर छापून बाजारात आल्या की गुन्हा होत होता. चित्र तेच, फक्त ते पाहणारे डोळे बदलले. भीती चित्राची फार थोडी असते. ते कोणाच्या हाती पडेल याची जास्त असते.

नेमकी हीच भीती इंग्रजांनी कायद्यात लिहून ठेवली. १८६८ च्या हिक्लिन खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने कसोटी सांगितली की, ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती हे लेखन पडू शकते, त्यांना ते बिघडवील काय, हे पाहावे. सर्वांत दुबळा वाचक हे माप झाले. साहेबाच्या कपाटातले पुस्तक सुरक्षित, फुटपाथवरचे धोकादायक. १९६४ च्या निकालात आपल्या न्यायालयाने ही कसोटी थोडी सौम्य करून स्वीकारली. मुल्कराज आनंद यांची साक्ष दुकानदाराच्या बाजूने झाली होती, तीही उपयोगी पडली नाही. गंमत अशी की, ही कादंबरी १९२८ मध्ये प्रथम छापली गेली तीही इटलीतच, फ्लॉरेन्सला. आणि इंग्लंडमध्ये १९६० साली पेंग्विन ही प्रकाशनसंस्था याच कादंबरीच्या खटल्यातून निर्दोष सुटली होती. इंग्रज सुधारला, त्याची कसोटी मात्र आपल्याकडे राहिली.

मुंबईला हे खटले नवे नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचे लैंगिक सुख यांवर मराठीत, साध्या भाषेत, सामान्य वाचकासाठी ते लिहीत. हेच लेखन इंग्रजी वैद्यकीय ग्रंथात असते तर कोणी हात लावला नसता. कर्व्यांवर पुन्हा पुन्हा खटले झाले. १९३४ चा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता आणि त्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, लोक विचारतात तर उत्तर देणे हे कामच आहे, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु ज्यांना समाजाने शतकानुशतके ज्ञानापासून दूर ठेवले, त्यांचा नेता या खटल्यात का उभा राहिला, हे समजणे अवघड नाही. 'हे तुमच्या कानी पडण्यासारखे नाही' हे वाक्य त्यांच्या ओळखीचे होते.

दहा वर्षांनी पाळी उर्दूची आली. इस्मत चुगताई या बी.ए., बी.टी. झालेल्या शिक्षिका. लग्नानंतर मुंबईत राहिल्या आणि शाळांच्या इन्स्पेक्ट्रेस म्हणून काम केले. त्यांची 'लिहाफ' ही कथा १९४२ मध्ये 'अदबे-लतीफ' मध्ये आली. नवाबाच्या हवेलीत दुर्लक्षित पडलेल्या बेगमची ही गोष्ट एका लहान मुलीच्या तोंडून सांगितली आहे. डिसेंबर १९४४ मध्ये लाहोरच्या न्यायालयाचे समन्स मुंबईत त्यांच्या घरी आले. 'बू' या कथेसाठी सआदत हसन मंटो यांनाही तेथेच बोलावले होते. मंटो त्या काळात आपल्या उपनगरातल्या स्टुडिओंतून काम करीत; गोरेगावचे फिल्मिस्तान आणि पुढे मालाडचे बॉम्बे टॉकीज ही त्यांची कामाची ठिकाणे. दोघांनी लाहोरच्या खेपा केल्या. इस्मत आपांनी आत्मचरित्रात या खटल्याची हकीकत लिहिली आहे. कथेतला अश्लील शब्द दाखवा म्हटल्यावर साक्षीदाराला बोट ठेवायला शब्द सापडेना. शेवटी 'आशिक' या शब्दावर हरकत घेण्यात आली! अखेर इस्मत आपा सुटल्या. मंटोंवर फाळणीपूर्वी तीन आणि पाकिस्तानात गेल्यावर तीन, असे सहा कथांवर खटले झाले.

येथे भाषेचा एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. उर्दूत दोन वेगळे शब्द आहेत, 'उरियाँ' आणि 'फहश'. उरियाँ म्हणजे उघडे, नग्न. फहश हा अरबी धातू. त्याच्या मुळाशी हद्द ओलांडण्याचा, अतिरेकाचा अर्थ आहे. मराठीतला 'अश्लील' शब्द संस्कृतातला; ज्यात श्री नाही, शोभा नाही ते अश्लील. दोन्ही परंपरांनी नग्न आणि अश्लील यांत फरक केला आहे. लहान बाळ उरियाँ असते, फहश नसते. उलट माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असूनही त्याचे बोलणे, त्याची नजर फहश असू शकते. दोन्ही शब्दांची आपण सरमिसळ केली आणि तेथून गोंधळ सुरू झाला.

१९५४ मध्ये हाच प्रश्न चित्रकलेत आला. अकबर पदमसी हा मुंबईच्या खोजा कुटुंबातला तरुण चित्रकार पॅरिसहून परतला आणि जहांगीर आर्ट गॅलरीत त्याने प्रदर्शन भरविले. 'लव्हर्स' नावाच्या त्याच्या चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर होता. पोलिसांनी चित्रे उतरवायला सांगितली. त्याने नकार दिला. अटक झाली, खटला चालला आणि पदमसी सुटले. स्त्री-पुरुषांची अशी युगुले आपल्या देशाच्या देवळांवर शतकानुशतके कोरलेली आहेत, हे त्यांना पकडणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही.

पदमसी सुटले, उदेशींना शिक्षा झाली. आर्ट गॅलरीत जाणारा माणूस आणि रस्त्यावरच्या दुकानात पुस्तक घेणारा माणूस, यांतला फरक येथेही काम करीत होता काय, असा प्रश्न मनात येतो. याचे उत्तर काही अंशी पुढच्या खटल्यात मिळते. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. काकोडकर हे लोकप्रिय, भरपूर लिहिणारे लेखक. ग्रंथालयांतून त्यांची पुस्तके हातोहात जात. 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट त्यांच्याच 'नीलांबरी'वरून निघाला. पण समीक्षकांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. 'श्यामा'वर पुण्यात फिर्याद झाली. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. समाजाच्या कल्पना बदलत असतात, कथा पूर्ण वाचावी, सुटी वाक्ये उपटून नव्हे, आणि तिने कोणी बिघडेल असे दिसत नाही, असा त्याचा आशय होता. दिवाळी अंकातल्या लोकप्रिय कथेला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने साहित्याचा न्याय दिला. वार्षिके आणि विशेषांक काढणाऱ्या सर्वांनी हा निकाल लक्षात ठेवला पाहिजे.

आता जुहूच्या ख्वाजा अहमद अब्बास यांच्याकडे येऊ. अब्बास हे मौलाना अल्ताफ हुसेन हालींचे पणतू. पत्रकार, कथाकार, चित्रपटकार. १९५२ मध्ये मुंबईत देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला तेव्हा इटलीच्या नववास्तववादी चित्रपटांनी इथल्या कलावंतांना हलवून सोडले. स्टुडिओ सोडून रस्त्यावर या, गरिबाचा चेहरा दाखवा, हा तो धडा होता. अब्बासांनी तो जन्मभर गिरविला. 'चार शहर एक कहानी' हा त्यांचा सोळा मिनिटांचा माहितीपट १९६८ चा. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली येथला ऐषाराम आणि तिथलेच दारिद्र्य यांचा विरोध त्यात दाखविला होता. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही क्षणांची दृश्येही होती. दारात-खिडकीत उभ्या बायका, खिडकी बंद करणारा हात, हातातून हातात जाणाऱ्या नोटा. एवढ्यावरून सेन्सॉरने 'फक्त प्रौढांसाठी' असे प्रमाणपत्र देऊ केले, आणि सर्वांसाठी हवे असेल तर ही दृश्ये कापा म्हणून सांगितले. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

सुनावणी चालू असतानाच सरकारने माघार घेऊन काटछाटीशिवाय प्रमाणपत्र देण्याचे कबूल केले. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. अब्बासांनी खटला सोडला नाही. मुळात चित्रपटावर आधीच सेन्सॉर का, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. २४ सप्टेंबर १९७० चा निकाल पुन्हा हिदायतुल्ला यांनीच लिहिला. सेन्सॉरशिप घटनाबाह्य नाही, असे ठरले. त्या अर्थाने अब्बास हरले. परंतु लैंगिकता आणि अश्लीलता या एक नव्हेत, लैंगिक विषय म्हटला की तो अनैतिक हे मानणे चूक आहे, आणि समाजातल्या सर्वांत विकृत माणसाच्या सोयीने निरोगी माणसाने काय पाहावे हे ठरवू नये, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिले. हिक्लिनच्या दुबळ्या वाचकाचे माप त्यांनी सहा वर्षांत बरेच मागे सारले. एकाच न्यायाधीशाच्या दोन निकालांतला हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

याच खटल्यात सरकारने सेन्सॉरविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापण्याची तयारी दाखविली. ते १९८३ मध्ये आले आणि २०२१ मध्ये बंद करण्यात आले. आता चित्रपटकाराला पुन्हा उच्च न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी सोडून दिली आणि समकालीन समाजाच्या मापाने पाहावे असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून जुने कलम २९२ भारतीय न्याय संहितेत कलम २९४ म्हणून गेले. कलमाचा आकडा बदलला. वाद संपलेला नाही.

इटलीतही तो संपला नव्हता. कलाकृतीला अश्लील मानू नये, असे त्यांच्या १९३० च्या दंडसंहितेतच लिहिलेले होते. तरी बेर्नार्दो बेर्तोलुच्चीच्या 'लास्ट टँगो इन पॅरिस' (१९७२) या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. दिग्दर्शकाला स्थगित तुरुंगवास झाला आणि पाच वर्षे त्याचा मतदानाचा हक्क गेला. १९८७ मध्ये चित्रपट मोकळा झाला. या साऱ्या काळात वाद झाला तो पडद्यावर काय दिसले याचा. त्यातली नायिका मारिया श्नायडर चित्रीकरणाच्या वेळी एकोणीस वर्षांची होती. एका अत्याचाराच्या प्रसंगातला तपशील तिला आधी सांगितलाच नव्हता, कारण दिग्दर्शकाला तिचा अभिनय नको होता, खरा अपमान हवा होता. ती हे सांगत राहिली. २०११ मध्ये ती वारली. दिग्दर्शकाने २०१३ मध्ये कबुली दिली आणि २०१६ मध्ये त्यावर जगभर संताप उसळला. चाळीस वर्षे न्यायालये, धर्मगुरू आणि कलावंत चित्रपटाच्या रिळांकडे पाहत होते. त्या मुलीकडे कोणी पाहिले नाही.

माझ्या मते फहश म्हणायचे ते याला. हद्द ओलांडली गेली ती येथे. अब्बासांच्या माहितीपटातही तसेच आहे. खिडकीत उभी असलेली बाई फहश नाही. तिला तेथे आणून उभी करणारा बाजार फहश आहे, आणि तो दाखविणाऱ्याला कात्री लावणे हे त्या बाजारावर पांघरूण घालणे आहे.

आपल्या समाजाने या प्रश्नाचे दोन्ही फटके खाल्ले आहेत. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांच्यावर १९९६ पासून जुन्या चित्रांबद्दल फिर्यादींचा पाऊस पडला. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली, तरी ते परतू शकले नाहीत. २०११ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. याचे दुःख आपण बोलून दाखवतो, ते योग्यच आहे. पण २००४ मध्ये त्यांच्याच 'मीनाक्षी' चित्रपटातील एका गाण्यावर आपल्यातल्या काही संघटनांनी हरकत घेतली आणि हुसेनसाहेबांना चित्रपट मागे घ्यावा लागला, हेही विसरता येत नाही. आपल्यावर आलेली कात्री जुलूम आणि आपण चालविलेली कात्री गैरत, असे दुहेरी माप टिकत नाही.

हयेचा, शालीनतेचा आपल्या धर्मात मोठा मान आहे आणि तो असलाच पाहिजे. पण हया म्हणजे मौन नव्हे. अन्सारी स्त्रियांची हया त्यांना दीन समजून घेण्यापासून रोखत नसे, म्हणून हजरत आयेशा यांनी त्यांची तारीफ केल्याची हदीस आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' घरोघरी मुलींना जहेजमध्ये दिले गेले. त्यात मासिक पाळी, गुस्ल, पाकी-नापाकी सारे स्पष्ट लिहिलेले आहे. मदरशातला विद्यार्थी फिकहमध्ये हेच विषय लाजेशिवाय शिकतो. ही आपली परंपरा आहे. मग वर्गात प्रजननाचा धडा आला की 'घरी वाचून घ्या' म्हणून पान उलटण्याची परंपरा कोठून आली? २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला, तेव्हा सर्व पक्षांचे आणि सर्व धर्मांचे लोक त्यावर खूश होते. कर्व्यांना दंड करणारा समाज तोच होता.

शब्द नसलेल्या मुलाचे काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. आपल्या अंगाला कोणी नको तसा हात लावला, हे सांगण्यासाठी मुलाकडे आधी अंगाचे शब्द असावे लागतात. २०१२ चा पोक्सो कायदा मुलाने तोंड उघडल्यावर कामाला येतो. तोंड उघडायला शिकविणे हे घराचे आणि शाळेचे काम आहे.

सिस्टीन चॅपेलचे 'अंतिम न्याय' हे चित्र १९९४ पर्यंत साफ करण्यात आले. तेव्हा नंतरच्या लोकांनी चढविलेली काही वस्त्रे तज्ज्ञांनी उतरविली. डॅनिएलेच्या हातची मात्र इतिहासाचा पुरावा म्हणून राहू दिली. समाजाने कधी काय झाकले, हेही पुढच्या पिढीला कळावे, हा त्यामागचा विचार शहाणपणाचा आहे. 'लिहाफ', 'बू', 'श्यामा' आणि 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक आपल्या वाचनालयांत असायला हवेत, आणि त्यांच्यावर झालेल्या खटल्यांची हकीकतही त्यांच्या शेजारी असायला हवी. आवडले नाही तर वाचकाने पुस्तक मिटावे. तो त्याचा हक्क आहे. लिहिणाऱ्याने मात्र एवढेच विचारावे, की माझ्या लिहिण्याने कोणाची अब्रू विकली जाते काय, कोणावर जुलूम होतो काय. याचे उत्तर नाही असेल, तर इस्मत आपांप्रमाणे समन्स खिशात घालून लाहोरची गाडी पकडण्याची तयारी ठेवावी आणि लिहीत राहावे.